चाखलेली कणसं

३ ऑक्टोबर १९९३, रविवार

आज रुख्मीनं माझ्या ज्वारीला नावं ठेवली. सुट्टीची म्हणून परभणीहून आली, हातपायही धुतले नाहीत, सरळ बियाण्याच्या गाडग्यात हात घातला आणि म्हणाली, माय, हे बी तुमी लोक चुकीचं धरता. शेतकी कॉलेजातलं शेवटचं वर्ष चालू आहे, त्यामुळे तिला घरात पाऊल टाकलं की चुकाच दिसतात. मागच्या खेपेला माझं शेणखत चुकीचं होतं.

पण ज्वारीचं दुखणं खरं आहे. विहिरीजवळच्या तुकड्यातली आमची हुरड्याची ज्वारी पूर्वीसारखी गोड राहिली नाही. मी लग्न होऊन झरीला आले तेव्हा या तुकड्याचा हुरडा खायला थेट पाथरीहून लोक यायचे. आता येतात ते गुळाचा खडा जास्त मागतात. माझे दीर भगवानराव म्हणतात, युरियानं चव गेली. जाऊबाई म्हणतात, घरातला कर्ता गेला की शेताची चव जाते, आणि हे बोलताना माझ्या कपाळाकडे बघतात. माझ्या कपाळामुळे ज्वारी फिकी झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल तिची भाकरी खाऊ नये. खातात मात्र दोन्ही वेळा.

रुख्मीनं विचारलं, बी कशातून धरतेस? म्हटलं, खळ्यावर येतात त्या टपोऱ्या कणसांतून. आणि हुरड्याला कोणती मोडता? म्हटलं, चांगली, चाखून. पाहुण्याच्या हातात न चाखलेलं कणीस द्यायचं नाही ही मामंजींपासूनची रीत आहे. ताटाजवळ जायचं, चार दाणे तोंडात टाकायचे, गोड लागलं तर मोडायचं, नाही तर पुढचं ताट बघायचं.

पोरगी हसायला लागली. मला राग आला. मग म्हणाली, "माय, गोड तेवढं दरसाल चाखून चाखून खाऊन टाकलाव. फिकं उरलं, ते पेरलाव. आता गोड कुठून यावं?"

मी पीठ मळत होते. मळतच राहिले.

१० ऑक्टोबर

पेरणी उरकली. किल्लारीकडच्या बातम्यांनी कुणाचंच कामात मन नाही. त्या पहाटे आमच्याकडेही फळीवरची भांडी वाजली होती. जाऊबाई म्हणाल्या, जमीन हलली त्या महिन्यात पेरू नये. मी पेरलं. माणसं ढिगाऱ्याखाली गेली त्याचं रडू मलाही येतं, पण ज्वारी न पेरून ती परत येणार नाहीत.

पेरताना एकच घोळत होतं. तीस वर्षं आपण चाखत आलो आणि आपल्याच हातानं तुकडा फिका करत आलो. पाहुणे खूश झाले, आम्हाला वाटलं घराचं नाव राहिलं.

३१ ऑक्टोबर, रविवार

खुरपणी. आमच्या शेतावर कामाला येणारी सरजाबाई, मी आणि दोघी जणी. रुख्मीही आली, खुरपं धरलं तरी तिचं तोंड जास्त चालतं. मध्येच एक रोप उपटून सरजाबाईला विचारलं, हे काय? सरजाबाई म्हणाली, जवारीच की. रुख्मी म्हणाली, नीट बघ. रानटी ज्वारी निघाली, जिचे दाणे पिकायच्या आधीच गळून जातात. सरजाबाई माझ्यापेक्षा जास्त खुरपलेली बाई, ती फसली आणि मीही फसले असते.

रुख्मीचं म्हणणं असं की, हे गवत आधी इतकं ज्वारीसारखं दिसत नव्हतं. जे वेगळं दिसायचं ते खुरप्याला सापडायचं. जे थोडंसं ज्वारीसारखं होतं ते वाचायचं, त्याचंच बी पडायचं. असं किती पिढ्या चाललं असेल कोण जाणे.

मी म्हटलं, म्हणजे गवतसुद्धा हुशारी शिकलं. आणि माझ्या ज्वारीलाही कळलं असेल की गोड झालं की मान मोडली जाते, म्हणून ती फिकी झाली. यावर रुख्मीनं कपाळाला हात लावला. कुणी काही शिकत नाही, म्हणाली. शिकायला ताटाला डोकं कुठं आहे? गोड ताटं पोरंबाळं न होता गेली, फिक्यांची पोरंबाळं झाली. एवढंच. डार्विन नावाच्या माणसानं हे फार आधी लिहून ठेवलं आहे, पण त्यानं म्हणे आधी कबुतरं पाळणाऱ्यांना जाऊन विचारलं. मला तो माणूस बरा वाटला.

१४ नोव्हेंबर

दिवाळीचं लाडू-चिवड्याचं ताट पुढ्यात असतानाच भावजींनी विषय काढला. पालमचे दत्तराव, ओळखीतले. मुलगा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. घरचं बरं, माणसं चांगली. त्यांना संक्रांतीच्या सुमारास हुरड्याला बोलवायचं, म्हणजे मुलगी बघणंही होईल आणि उगाच चहा-पोह्यांचा देखावा नको.

मला आवडलं. असं स्थळ आपण होऊन चालत येतंय आणि मी विधवा बाई, कुठं फिरणार होते पोरीसाठी? मी हो म्हटलं. रुख्मी चिवड्यातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होती. एरवी शेंगदाणेच आधी खाते.

५ डिसेंबर, रविवार

ज्वारी छातीला लागली. या साली काय करायचं ते ठरवून टाकलं. हुरड्याच्या दिवसांत मी स्वतः ताटन्‌ताट चाखणार, गोड निघेल ते मोडायचं नाही. त्याला खूण करायची, वाळू द्यायचं, त्याचंच बी धरायचं. पाहुण्यांनी बाकीचं खावं. या घरात पहिल्यांदा पाहुण्याला डावं मिळणार आहे, तर मिळू दे.

रुख्मीला सांगितलं. वाटलं खूश होईल. तिची गोष्ट तिच्या अडाणी आईनं मनावर घेतली म्हणून तरी. ती म्हणाली, "चांगलं हाय ते आधी पाव्हण्याच्या हातावर ठिवायची आपल्या घरची सवयच हाय, माय."

म्हटलं, तेच तर मोडणार आहे मी यंदा. ती उठून अंगणात गेली. अभ्यासानं डोकं शिणत असेल. पालमची माणसं येतील तेव्हा जरा चेहरा नीट ठेव म्हणावं.

२६ डिसेंबर

भावजींना सांगायचंच होतं, आज सांगितलं. खुणेची ताटं कुणी मोडायची नाहीत. ते हसले. वैनी, ज्वारीला काय, कुठलं का कणीस असेना, म्हणाले. रुख्मीनं त्यांना समजावलं तर ऐकून घेतलं आणि आपला अर्थ काढला. म्हणाले, म्हणजे बळकट टिकणार आणि दुबळं मरणार, आपले जुने लोक काय वेगळं सांगायचे? कोण वर आणि कोण खाली हे निसर्गानंच ठरवलंय. गावात सध्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची चर्चा चालू आहे, बोलण्याचा रोख कुणीकडे होता ते कळत होतं.

रुख्मी म्हणाली, "काका, टिकतंय ते चांगलंच आसतंय आसं कुठं हाय? फिकी जवारी टिकली. ती काय चांगली व्हती म्हणून? कुणी खाल्ली न्हाई म्हणून टिकली."

भावजींनी चहा मागितला. मला आतून इतकं बरं वाटलं की साखर जास्त पडली.

जाताना म्हणाले, तुमचं बी तुम्ही बघा, माझी हरकत नाही.

९ जानेवारी १९९४

तीन दिवस चाखते आहे. जीभ हुळहुळी झाली. आधी सगळंच गोड लागतं, मग काहीच कळेनासं होतं, मग तोंडात पाणी धरून थांबावं लागतं. पण जेव्हा खरं गोड ताट लागतं तेव्हा शंकाच राहत नाही. दाणा फुटतो आणि दूध जिभेवर पसरतं. मला सासऱ्यांच्या वेळचा हुरडा आठवला आणि ताटाला धरून मी चक्क रडले. शंभराच्या आसपास निघाली. एवढ्या तुकड्यात एवढीच.

जुन्या तांबड्या लुगड्याच्या चिंध्या करून एकेका ताटाला बांधल्या. लांबून बघितलं तर जत्रा भरल्यासारखं दिसतं. आता चुकून कुणाचा हात जायचा नाही. पाखरं राखायला सरजाबाई माळ्यावर आहे, तिची गोफण कधी वाया जात नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

नाव दिलं गेलं. रेडिओवर सांगितलं, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. एसट्या बंद, चौकात पोलिसांची गाडी. आमच्या आळीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, पलीकडच्या वस्तीत हलगी वाजते आहे.

मी तिळगूळ घेऊन सरजाबाईकडे गेले. जाऊबाईंनी दारातून विचारलं, आजच जायलाच पाहिजे का? म्हटलं, संक्रांत काय उद्या आहे? सरजाबाईच्या घरी पेढे होते. तिचं माहेर अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत जळालं, हे मला ठाऊक होतं, पण या सोळा वर्षांत मी तिला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. आज तिनंच सांगितलं. जळक्या कुडाच्या मेढी काढल्या आणि बापानं त्याच भोकांत नव्या रोवल्या. लोक म्हणाले, गाव सोडा. बाप म्हणाला, ह्यांना आमी नसलेलं गाव पायजे, म्हणून तर ऱ्हायचं.

तिचा गायरानात एक तुकडा आहे, वहितीला आणलेला. तिथं पेरायला तिला माझ्या गोड बियाण्यातलं शेरभर हवंय. देईन म्हटलं. पेढा तिथंच खाल्ला, घरी आणला नाही, कारण मला तो खायचा होता, घरी कुणाला पटवून देत बसायचं नव्हतं.

१६ जानेवारी, रविवार

जे झालं ते लिहून काढते, नाहीतर छातीत राहील.

पालमचे लोक जीपनं आले. मी घरी भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचं बघत होते. सरजाबाई वस्तीतल्या मिरवणुकीला गेलेली, मीच जा म्हटलं होतं. रुख्मीला घेऊन भावजी पुढं गेले. मी टोपली घेऊन शेतावर पोचले तेव्हा आगटी पेटली होती, कणसं भाजून निघत होती, आणि दत्तराव तोंड भरून म्हणत होते, असा हुरडा आपण जन्मात खाल्ला नाही.

मी चार दाणे तोंडात टाकले. दूध जिभेवर पसरलं.

आगटीच्या कडेला तांबड्या चिंध्यांचा ढीग होता. पाहुण्यांच्या पोराटोरांनी त्यातल्या दोन-चार मनगटाला बांधल्या होत्या. मी भावजींकडे बघितलं. त्यांना काही वाटतच नव्हतं. म्हणाले, "वैनी, चाखत बसायला येळ कुठं व्हता? तुमी खुणा करूनच ठिवल्या व्हत्या."

खरं आहे. मीच केल्या होत्या. खुरप्याला जे वेगळं दिसतं तेच आधी जातं, हे मी माझ्या वहीत लिहिलेलं आणि तरी गोड ताटांना तांबडं बांधून उभं केलं. मी तशीच टोपली खाली ठेवली आणि वाढायला लागले. पाहुण्यांपुढं आरडाओरडा कसा करायचा? चटणी वाढली, दही वाढलं. सगळ्यांनी मन लावून खाल्लं.

मग दत्तरावांची बायको केशरबाई, हात पुसून, रुख्मीला जवळ घेऊन बसल्या. बाई वाईट नाहीत. तिची हनुवटी धरून म्हणाल्या, पोरगी पसंत आहे, फाल्गुनात उरकू. भावजी म्हणाले, परीक्षा उन्हाळ्यात आहे, पण तिचं काय एवढं. दत्तराव म्हणाले, आमच्या सुनेला नोकरी करायची गरज नाही, एवढी गुणाची पोर आमच्या घरात आली, आम्हाला आणखी काय पाहिजे.

रुख्मी आगटीत कणीस सारत होती, आणि ते करपलं तरी काढत नव्हती.

मला काय झालं ते सांगता येत नाही. माझ्या हातात दह्याचं भांडं होतं ते मी खाली ठेवलं आणि म्हणाले, "फाल्गुनात न्हाई. ह्या सालातबी न्हाई. तिचं शिकून पुरं झाल्याबिगर तिला कुणी हात लावायचा न्हाई."

भावजी म्हणाले, "वैनी, पाव्हण्यासमोर काय बोलायलाव?"

"पाव्हण्यासमोरच बोलायलेय. माघारी बोलले तर ऐकतंय कोण?"

केशरबाई उठल्या. अशी स्थळं दोनदा येत नाहीत, म्हणाल्या. म्हटलं, नका येऊ देऊ. जीप गेल्यावर भावजी मला जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यातलं एवढंच खरं होतं की मला पाय ठेवायला दुसरं घर नाही. तर मग इथंच राहीन.

संध्याकाळी रुख्मी विहिरीवर बराच वेळ हात धूत बसली. मग म्हणाली, तिला अजून दोन वर्षं शिकायचं आहे, बियाण्याचंच. म्हटलं, आधी का बोलली नाहीस? "तू इचारलं कवा?" म्हणाली. मी विळी उचलून ठेवली, पाणी पाजलं गुरांना, आणि परत येऊन तिच्याशेजारी बसले.

१९ जानेवारी

भावजी बोलत नाहीत. सकाळी दोन माणसं विळे घेऊन पाठवली, मोडकी ताटं हिरवी आहेत तोवर कापून बैलांना घाला म्हणून. मी बांधावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, बाकीचा तुकडा वेळ झाली की कापा, तांबडं बांधलं होतं त्या ताटांना हात लावाल तर आधी मला कापा. माणसं ओळखीची, लाजून गेली. चिंध्या गेल्या तरी कोणती ताटं ते मला माहीत आहे, मोडलेल्या माना दिसतातच.

हा हट्ट रुख्मीनं जाताना जे सांगितलं त्यामुळे. कणीस मोडलं म्हणजे ताट मेलं नाही, म्हणाली. पानाच्या बेचक्यात डोळा असतो, ओल मिळाली तर तिथून बारकं कणीस फुटू शकतं. शकतं म्हणाली, फुटेलच म्हणाली नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या कुलपाची किल्ली भावजींकडे, मोटार ते चालू करणार नाहीत. पोहऱ्यानं शेंदावं लागेल.

२७ जानेवारी

सरजाबाई आणि मी, रोज ऊन उतरल्यावर. शेंदायचं आणि घागरीनं एकेका बुडाला ओतायचं. खांदे उठून आलेत. जाऊबाई माळवदावरून बघतात. काल बघता बघता खाली आल्या आणि दोन घागरी ओतून गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

अर्धी ताटं वाळून गेली. काही उभी आहेत, नुसतीच. मला खरं वाटत नाही काही होईल. तरी ओतते.

२ मार्च

फुटलं. तीन आठवडे झाले, पानाच्या बगलेतून, बोटभर, वाकडं, आता दाणा भरतो आहे. एका ताटाला दोन. सगळ्यांना नाही, वीस-पंचवीसच असतील, पण फुटलं. बाकी सगळं शिवार कापून गेलेलं, त्यामुळे गावची पाखरं माझ्याच ताटांवर. या खेपेला तांबडी चिंधी नको. वाळल्या पानांतच गुंडाळून बांधली, लांबून काही दिसत नाही.

रुख्मीला कळवलं. तिचं उत्तर आलं, माय, दाणा चाखू नको. म्हटलं, मला वेडी समजते का. एक चाखला.

गोड आहे.

१८ एप्रिल

सगळं मिळून दोन शेर भरलं, राखेत घोळून गाडग्यात. शेरभर सरजाबाईला दिलं. ती म्हणाली, पुढल्या साली हुरड्याला ये, पण फिकंच खायला मिळंल. रुख्मी परीक्षेनंतर येऊन थोडं कॉलेजात नेणार आहे, ओळीनं पेरून बघायला.

आज भावजी आले. तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यावर बसले. दत्तरावांनी लग्नाचं नाव काढलं नाही, म्हणाले, पण जिथं भेटतात तिथं हुरड्याचं काढतात. लोक विचारतात. मग जरा थांबून म्हणाले, वैनी, मला त्यातलं बी पाहिजे.

मी गाडगं आणलं. तोंडावरचं फडकंही सोडलं. म्हटलं, "देते. पण मोडायच्या आदी मला इचारायचं. जवारीचंबी आन पोरीचंबी."

भावजी गाडग्याकडे बघत बसले. ते हो म्हणतील म्हणून मी बराच वेळ थांबले. खरंच थांबले, मला द्यायचं होतं. शेवटी ते धोतर झटकून उठले आणि म्हणाले, बघू.

मी फडकं परत बांधलं.